नॉट गिव्हन : वाचनाची परीक्षा आणि आपल्या वाचनाचा इतिहास



गेले काही महिने आम्ही रविवारी सकाळी विहारात इंग्रजी वाचनाचा वर्ग घेतो आहोत. दहा-बारा तरुण येतात. कुणाला परदेशात एम.ए. करायचे आहे. कुणी जीएनएम नर्सिंग करून बाहेरच्या नोकरीची तयारी करते आहे. कुणी मित्रासोबत सहज आला आणि टिकला. बहुतेकांचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या मराठी शाळेत झालेले. सगळ्यांपुढची परीक्षा एकच, आयईएलटीएस. तक्रारही एकच : "दादा, बोलणं रेटून नेतो, लिहिणं पाठ करून जमवतो, पण रीडिंगला मार खातो."

का मार खातो, हे शोधताना आम्हाला इतिहासात शिरावे लागले. वर्गाला त्याचा उपयोग झाला, म्हणून ते इथे मांडतो आहोत.

परीक्षा नेमके काय विचारते?

आधी परीक्षेची रचना पाहू. आयईएलटीएसच्या अकॅडमिक रीडिंगमध्ये तीन मोठे उतारे असतात. तिन्ही मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द. प्रश्न ४० आणि वेळ ६० मिनिटे. उतारे पुस्तके, नियतकालिके, वर्तमानपत्रे यांतून घेतलेले असतात आणि विषयाच्या तज्ज्ञासाठी नसून सामान्य वाचकासाठी असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारणपणे ४० पैकी २३ बरोबर आले की सहा बँड मिळतो, ३० बरोबर आले की सात.

म्हणजे उत्तर उताऱ्यातच असते. बाहेरचे ज्ञान लागत नाही. तरीही आपली मुले का अडतात? आमच्या वर्गात सर्वाधिक चुका एकाच प्रकारच्या प्रश्नात झाल्या. एक विधान दिलेले असते आणि उताऱ्याच्या आधारे ठरवायचे असते : ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन. उतारा विधानाला दुजोरा देतो, तर ट्रू. उतारा विधानाच्या विरुद्ध सांगतो, तर फॉल्स. उतारा त्याबद्दल काहीच सांगत नाही, तर नॉट गिव्हन.

हा तिसरा पर्याय घात करतो. विधान आपल्याला माहीत असते, पटलेले असते, म्हणून आपण ट्रू लिहितो. किंवा विधान खटकते, राग येतो, म्हणून फॉल्स लिहितो. परीक्षकाने मात्र आपले मत विचारलेलेच नसते. समोरच्या कागदावर काय आहे, एवढेच त्याने विचारलेले असते.

ही परीक्षा आकाशातून पडलेली नाही

या परीक्षेत कमी गुण मिळाले की आपली मुले स्वतःला 'ढ' ठरवतात. म्हणून तिचा इतिहास माहीत हवा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी केंब्रिजने प्रावीण्य परीक्षा सुरू केली ती १९१३ साली. त्या पहिल्या परीक्षेला तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. परीक्षा बारा तासांची होती. त्यात भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र असे सगळे होते, पण उतारा वाचून प्रश्न सोडवण्याचा आजच्यासारखा स्वतंत्र पेपर नव्हता.

टोफेल ही अमेरिकी परीक्षा १९६४ मध्ये आली. ब्रिटनमध्ये १९८० साली आलेल्या परीक्षेचे रूप बदलून १९८९ मध्ये आयईएलटीएस तयार झाली. सुरुवातीला तिच्यात विद्यार्थ्याच्या शाखेनुसार वेगळे वाचन असे. विज्ञानवाल्याला वेगळे उतारे, समाजशास्त्रवाल्याला वेगळे. १९९५ मध्ये ते बंद झाले आणि सगळ्यांना एकच अकॅडमिक वाचन आले.

सांगायचा मुद्दा असा की वाचन कसे मोजायचे हे माणसांनी ठरवले आणि वेळोवेळी बदलले. ही बुद्धीची कायमची मोजपट्टी नाही. हे एक विशिष्ट कसब आहे : अनोळखी विषयावरचा मजकूर ठरावीक वेळेत वाचणे आणि लेखक काय म्हणतो ते नेमके पकडणे. ज्या घरात तीन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्या घरातल्या मुलाला हे कसब कुणी शिकवल्याशिवाय लागते. ज्या घरात पहिली पदवी आता येते आहे, तिथे ते शिकवावे लागते. प्रस्थापित ज्याला 'मेरिट' म्हणतात, त्यातला बराच भाग हा असा घरातला जुना साठा असतो.

धारवाडचा मुलगा

आता एक कागद वाचू. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी भरायची तयारी असूनही सरकारी शाळेत प्रवेश नाकारला, अशी त्याची तक्रार होती. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. जुलै १८५६ मध्ये सरकारने त्यावर ठराव केला. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात तो उद्धृत केला आहे. इंग्रजी 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या दुसऱ्या खंडात ते निवेदन आहे.

ठरावाचा आशय असा : प्रश्न व्यवहारात फार अवघड आहे. तत्त्वतः न्याय या महार अर्जदाराच्या बाजूने आहे, यात शंका नाही. त्याच्या शिक्षणाआड येणारे पूर्वग्रह कालांतराने दूर होतील, अशी सरकारला आशा आहे. परंतु एका किंवा मोजक्या व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या पूर्वग्रहात एकदम हस्तक्षेप केला, तर शिक्षणाच्या कार्याचेच मोठे नुकसान होण्याचा संभव आहे.

आम्ही हा ठराव वर्गात उतारा म्हणून दिला आणि तीन विधाने फळ्यावर लिहिली.

एक : मुलाची मागणी अन्याय्य आहे, असे सरकारचे मत होते.
दोन : पूर्वग्रह पुढे नाहीसे होतील, अशी सरकारला आशा होती.
तीन : प्रवेश नाकारल्यावर मुलाने शिक्षण सोडले.

पहिल्या विधानाला वर्गातल्या बहुतेकांनी ट्रू लिहिले. प्रवेश नाकारणाऱ्याने मागणी अन्याय्यच ठरवली असणार, असे आपण धरून चालतो. पण कागद तसे म्हणत नाही. कागद म्हणतो, न्याय तुझ्या बाजूने आहे. म्हणून उत्तर फॉल्स. दुसरे ट्रू. तिसऱ्याबद्दल ठरावात एक अक्षर नाही. तिथे नॉट गिव्हन.

पहिल्या विधानावर वर्गात बराच वेळ वाद झाला. एक ताई चिडून म्हणाली, "म्हणजे आम्ही सरकारला चांगलं म्हणायचं का?" आम्ही म्हणालो, पुन्हा वाचा. जो म्हणतो 'तुझी मागणी चुकीची आहे', त्याच्याशी निदान चुकीवर वाद घालता येतो. जो म्हणतो 'तुझे बरोबर आहे, पण इतरांना चालणार नाही म्हणून तू बाहेर थांब', तो अन्याय ओळखून करतो. पहिल्या वाचनात आपल्याला सरकार अज्ञानी वाटले होते. नीट वाचल्यावर ते जाणते निघाले. कागदावर जे आहे तेच वाचले, तर आरोप सौम्य होत नाही, उलट तो जास्त घट्ट बसतो आणि समोरच्याला तो खोडता येत नाही.

पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या लंडनमधील संचालक मंडळाने सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना भेदभावाविना खुल्या असल्याचे कळवले. तरीही अनेक ठिकाणी अस्पृश्य मुलांना व्हरांड्यात किंवा वर्गाबाहेर बसावे लागले. कागदावरची परवानगी आणि वर्गातली जागा यांत किती अंतर असते, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

बाबासाहेब कसे वाचत?

ज्या १९१३ साली केंब्रिजच्या त्या परीक्षेत तिघे नापास झाले, त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांच्यापुढे टोफेल नव्हती, आयईएलटीएस नव्हती. दारे दुसरी होती : मॅट्रिक, बी.ए. आणि पैसा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून ते दार उघडले.

मात्र त्या दारापर्यंत पोहोचवणारी वाचनाची तयारी परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत झाली होती. सुभेदार रामजी मुलाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून करून घेतली. इंग्रजी शब्दाला नेमका मराठी शब्द कोणता, हा शोध तिथे रोज चालत असे. पुस्तकांसाठी पैसे नसत, तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींकडून दागिना मागून आणत आणि गहाण ठेवत. आपल्या चळवळीतल्या वाचनामागे त्या लेकींचे दागिनेही आहेत, हे विसरू नये.

शाळेत भीमरावांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. त्याचे पुढे काय झाले, ते १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिसते. संस्कृत न जाणणाऱ्याने या विषयात पडू नये, असा आक्षेप येणार हे त्यांना ठाऊक होते. संस्कृतमधली आपली उणीव ते मान्य करतात आणि सांगतात की त्या भाषेतले फारच थोडे वाङ्मय इंग्रजीत आलेले नाही, म्हणून ही उणीव आपल्याला अपात्र ठरवत नाही. जे ग्रंथ मूळ भाषेत वाचण्याची वाट अडवली गेली, ते त्यांनी इंग्रजीच्या वाटेने जाऊन वाचले आणि ओळ-ओळ तपासले. इंग्रजी वाचनाचे आपल्यासाठी महत्त्व काय, याचे याहून सरळ उत्तर आम्हाला माहीत नाही.

त्यांची वाचनाची पद्धत पाहायची असेल तर 'कास्ट्स इन इंडिया' घ्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी हा निबंध वाचला. वय पंचवीस. सुरुवातीच्या भागात ते जातीच्या चार व्याख्या घेतात : सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. हे केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून ओळखले गेलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. आधी प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडले आहे. मग त्यातले काय घ्यायचे आणि काय नाही, ते सांगितले आहे. नेसफिल्डने परिणामाला कारण समजले, हे ते दाखवतात. केतकरांनी जी दोन लक्षणे वेगळी मानली, ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे दाखवतात. आधी समोरच्याचे नीट ऐकून घेतले आहे, म्हणून खंडन इतके नेमके झाले आहे.

आयईएलटीएसमध्ये कोणते मत कोणत्या संशोधकाचे, याच्या जोड्या लावायचा प्रश्न असतो. 'कास्ट्स इन इंडिया'ची पहिली काही पाने म्हणजे त्याच प्रश्नाचा सराव. आम्ही वर्गात तसाच तो वापरला. त्यातली वाक्ये परीक्षेतल्या वाक्यांपेक्षा लांब आणि अवघड आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती पेलली की परीक्षेचा उतारा हलका वाटतो.

आजचे दार

आज परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींसाठी विद्यापीठाचा विनाअट प्रवेश हातात लागतो. विनाअट प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा स्कोअर लागतो. स्कोअरसाठी परीक्षा, आणि परीक्षेची फी आज सोळा हजारांच्या पुढे आहे. म्हणजे शिष्यवृत्तीचा पहिला रुपया मिळण्याआधी शेतमजुराच्या मुलीने हा खर्च खिशातून करायचा. स्कोअर दोनच वर्षे चालतो. एकदा कमी पडला की पुन्हा पैसे. यात क्लासची फी धरलेलीच नाही.

हा मोठा धंदा आहे, हेही स्पष्ट सांगू. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलचा भारतातला आयईएलटीएसचा व्यवसाय आयडीपी या कंपनीने १३ कोटी पौंडांना विकत घेतला. आपल्या मुलांच्या स्वप्नांची बाजारात एवढी किंमत आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे : शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षेची फी आणि तयारी हाही शिष्यवृत्तीचाच भाग मानला जावा. ही मागणी प्रत्येक तालुक्यातून समाजकल्याण विभागाकडे लेखी गेली पाहिजे.

लेखी मागणी करायची तर शासनाचा कागदही नीट वाचता आला पाहिजे. २०२२ मध्ये नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे जातीचा अभ्यास परदेशी विद्यापीठात जाऊन करायचा तर ही शिष्यवृत्ती नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये केले तेच नेमके बाहेर. ज्यांनी त्या सूचना बारकाईने वाचल्या, त्यांनीच हे पहिल्यांदा समाजासमोर आणले.

आपल्यातलीही एक सवय

आता थोडे आपल्याबद्दल. काही कार्यकर्ते म्हणतील, ही गोऱ्यांची परीक्षा, आपण तिच्यामागे का धावायचे? मराठीत ज्ञान नाही का? आहे, आणि आपली चळवळ मराठीतच उभी राहिली. पण सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो मराठी कवितेतच धरला. दोन्ही भाषा हव्यात. एक सोडून दुसरी धरा, असे आपल्याला सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कुठल्या शाळेत जातात, तेवढे विचारावे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बाबासाहेबांविषयी रोज मोबाइलवर मजकूर येतो. अमुक यादीत पहिले, अमुक विद्यापीठाचे अमुक प्रमाणपत्र. मूळ कागद कुणी दाखवत नाही. आपण प्रेमापोटी पुढे पाठवतो. मग एखादा विरोधक त्यातली एक खोटी ओळ धरतो आणि तिच्या आडून खऱ्या दहा गोष्टींवर शंका घेतो. ज्यांच्या नावावर 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आहे, त्यांना फॉरवर्डच्या कुबड्या कशाला? जिथे पुरावा नाही तिथे नॉट गिव्हन लिहिणे, हा श्रद्धेचा अभाव नव्हे. ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे तर तथागतांनी कालामांना सांगितले होते.

तयारी कशी करावी?

वर्गाच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

पहिला महिना घड्याळ लावू नका. रोज एकच उतारा घ्या. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की समासात दोन-तीन शब्दांत मराठीत लिहा की तो कशाबद्दल आहे. परिच्छेदाला मथळा जुळवण्याच्या प्रश्नाची हीच तयारी आहे.

छोट्या शब्दांवर नजर ठेवा. 'ऑल' आणि 'सम', 'ओन्ली', 'मे', 'मोस्ट' हे शब्द विधानाचा अर्थ फिरवतात. उताऱ्यात 'काही' असेल आणि प्रश्नात 'सर्व' असेल, तर थांबा.

प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उताऱ्यात शोधू नका. परीक्षक तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत मांडतो. म्हणून वहीत एकटा शब्द लिहू नका, त्याचे दोन-तीन पर्यायही लिहा.

दुसऱ्या महिन्यापासून घड्याळ लावा. एका उताऱ्याला वीस मिनिटे. अडलेला प्रश्न सोडून पुढे जा, पण शेवटी एकही जागा कोरी ठेवू नका. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असेल तर तिसरा शब्द लिहिला की उत्तर चूक. स्पेलिंग चुकले तरी चूक. आणि कागदावर परीक्षा असेल तर उत्तरे उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, ती त्याच साठ मिनिटांत लिहायची.

सर्वांत महत्त्वाचे : चूक तपासताना 'बरोबर उत्तर काय' एवढ्यावर थांबू नका. ते उत्तर उताऱ्याच्या कोणत्या ओळीत आहे, त्यावर बोट ठेवा. ओळ दाखवता आली नाही, तर उत्तर बरोबर येऊनही तुमचे वाचन झालेले नाही. हे एकट्याने जमत नाही, चारचौघांत वाद घालून जमते. नमुना प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. विहार आपले आहे. आठवड्याचे दोन तास काढले तर महागडा क्लास लागत नाही.

धारवाडच्या त्या मुलाचे नाव ठरावात नाही. 'महार अर्जदार' एवढीच त्याची नोंद. त्याला कुठे अक्षरे गिरवायला मिळाली, पुढे तो काय झाला, तेही त्या ठरावात नाही. वर्गात एकाने विचारले, "दादा, याचं नाव आपण ठेवलं तर?" आम्ही नको म्हणालो. ती जागा आपल्याला मोकळी मिळाली आहे आणि ती तशीच दिसली पाहिजे. दार कुणी बंद केले ते कागदावर आहे, कुणासाठी बंद केले त्याचे नाव नाही.

मात्र यापुढचे कागद आपल्या हाती आहेत. येत्या वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत, प्रवेशपत्रांवर, प्रबंधांच्या पहिल्या पानांवर आपल्या मुलामुलींची नावे पूर्ण, आडनावासकट छापली गेली पाहिजेत. रविवारी सकाळी विहाराचे दार उघडे असते. पेन्सिल घेऊन या.

जय भीम, नमो बुद्धाय.